थंडीतील हरणाच्या शिकारीसाठी रायफलला दस्ता हवा की चॅसी?

उत्तरवाट :

परवाना काढून कडाक्याच्या थंडीत हरणाच्या शिकारीला जाणाऱ्यांमध्ये रायफलचा मूळ दस्ता (खांद्याला टेकणारा, हातात धरायचा भाग) काढून तिला ॲल्युमिनियमची चॅसी, म्हणजे दस्त्याऐवजीची धातूची चौकट, बसवण्याकडे अलीकडे बराच कल दिसतो. माझे मत याच्या विरुद्ध आहे. चॅसी घडली ती लष्करी नेमबाजांच्या आणि लांब पल्ल्याच्या स्पर्धांच्या गरजेतून, जिथे रायफल बहुतेक वेळ टेकूवर असते; हरणाच्या मागावर असलेल्या माणसाची रायफल मात्र दिवसभर त्याच्या खांद्यावर किंवा हातात असते, आणि तीही गुडघाभर बर्फातून चालताना. अनेक चॅसी दीड ते दोन किलोंच्या असतात, तर कार्बन फायबरचा चांगला दस्ता किलोच्या आतच बसतो.

वजनापेक्षाही मला खटकतो तो धातूचा स्पर्श. ॲल्युमिनियम लाकडापेक्षा कितीतरी अधिक वेगाने उष्णता ओढून घेते. उणे १५ अंशांत नळीखालचा उघडा धातू हातात धरला, तर हातमोज्यातूनही बोटे बधिर होऊ लागतात आणि रायफलवरची पकड नेमकी हवी तेव्हा सैल पडते. त्यातच चॅसीच्या पुढच्या भागाला उपकरणे जोडण्यासाठी ज्या खाचा असतात, त्यांत बर्फ शिरून घट्ट बसतो. म्हणून माझी पसंती फायबरग्लास किंवा कार्बन फायबरच्या दस्त्याला आहे. फक्त त्याच्या आत स्क्रूंच्या भोकांत धातूच्या छोट्या नळ्या आणि रायफल घट्ट बसावी म्हणून इपॉक्सीची (कडक होणाऱ्या चिकट द्रव्याची) बैठक असावी.

लांब पल्ला :

वजनाचा मुद्दा मान्य, पण बाकीचे चित्र एकांगी आहे. बहुतेक चॅसींमध्ये गाल टेकण्याचा भाग आणि मूठ पॉलिमरची असते, आणि पुढच्या भागावरही आवरण चढवता येते. तुम्ही ज्याचा उल्लेखच केला नाही, तो मापाचा प्रश्न थंडीत सर्वांत महत्त्वाचा ठरतो. चापापासून खांद्याच्या गादीपर्यंतचे अंतर साधारणपणे ३४ ते ३५ सेंटिमीटर असते आणि ते पातळ कपड्यांत बरोबर बसते. अंगावर लोकर आणि वरून जाड कोट चढला की तेच अंतर जास्त होते. मग गादी काखेजवळच्या कापडात अडकते, मान पुढे ताणावी लागते आणि दुर्बिणीत पूर्ण वर्तुळ दिसेपर्यंत हरीण झाडीआड गेलेले असते. चॅसीत हे अंतर आणि गालाची उंची जागच्या जागी कमी-जास्त करता येते.

शिवाय कारखान्यातून रायफलसोबत येणाऱ्या स्वस्त प्लॅस्टिकच्या दस्त्याकडे पाहा. रिकाम्या रायफलची नळी आणि दस्ता यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवा आणि मग पुढचा भाग पाठपिशवीवर दाबून धरा. पट्टी अडकली, तर दस्ता वाकून नळीला टेकतो आहे आणि टेकू बदलला की गोळी लागण्याची जागाही बदलणार आहे, हे उघड आहे. चॅसीत हा दोष जवळजवळ नसतोच.

उत्तरवाट :

स्वस्त प्लॅस्टिकच्या दस्त्याची बाजू मी घेतलेली नाही. लांबीसाठी गादीमागच्या चकत्या असतात. हंगामापूर्वी एखादी चकती काढली की काम होते. तुमच्या जागच्या जागी बदलता येणाऱ्या मापाला मात्र कळा आणि खिट्ट्या लागतात, आणि दुमडणाऱ्या चॅसीला तर बिजागरीही असते. तिच्यात बर्फ गोठला की ती पूर्ण मिटत नाही किंवा खिळखिळी राहते.

धातूंच्या आकुंचनाचाही विचार व्हावा. चॅसीचे ॲल्युमिनियम रायफलच्या पोलादाच्या जवळपास दुप्पट आकुंचन पावते. तापमान ४० अंशांनी उतरले, तर २०० मिलिमीटर लांबीत या दोन धातूंत सुमारे ०.०९ मिलिमीटरचा फरक पडतो. हा आकडा छोटा आहे, पण रायफल चॅसीला जोडणाऱ्या, उबदार खोलीत आवळलेल्या स्क्रूंचा ताण बाहेर तसाच राहील, असे गृहीत धरता येत नाही.

सागवेल :

तुम्ही दोघेही लाकडाला वगळून बोलत आहात, हे मला पटत नाही. थंडीत गालाला आणि हाताला लाकडाइतके सुखद काहीच लागत नाही. लाकडाचा शत्रू थंडी नसून ओल आहे: ओल शोषली की ते फुगते, नळीवर दाब येतो आणि नेम सरकतो. पातळ थर चिकटवून केलेला दस्ता अखंड लाकडापेक्षा पुष्कळ स्थिर असतो, आणि आतल्या कापलेल्या कडा, स्क्रूंची भोके, गादीखालचा भाग हे सारे नीट लेपले असेल तर तो हिवाळा सहज काढतो. वजन थोडे अधिक भरते, पण ते सहसा चॅसीपेक्षा जास्त नसते.

लांब पल्ला :

सागवेल यांचा ओलीचा मुद्दा नेमका आहे, आणि तोच मला पुढे न्यायचा आहे. थंडगार रायफल उबदार तंबूत आणली की तिच्यावर दव धरते, पाणी यंत्रणेखाली झिरपते आणि पहाटे बाहेर नेल्यावर तिथेच गोठते. म्हणून ती रिकामी आणि कुलूपबंद करून थंड जागीच ठेवावी, हे कोणत्याही दस्त्याला लागू आहे. पण ती भिजलीच, तर चॅसीचे दोन स्क्रू काढून सारे पुसता येते आणि निर्मात्याने सांगितलेल्या ताणाला ते पुन्हा आवळले की रायफल पूर्वीच्याच बैठकीत बसते. ताण बदलण्याची शंका असेल, तर रायफल बाहेरच्या थंडीत पुरती गार झाल्यावर ताण मोजणारा पाना लावून तपासावा आणि तिथेच नेम जुळवावा.

बिजागरीबाबत तुमच्याशी सहमत आहे. बर्फात न दुमडणारी चॅसीच घ्यावी, आणि घेण्यापूर्वी जाड हातमोजा घालून अंगठा मुठीवरून सेफ्टीपर्यंत (चाप अडवणाऱ्या कळीपर्यंत) पोहोचतो का, तसेच चापाभोवतीच्या कड्यात बोट मोकळे जाते का, हे प्रत्यक्ष पाहावे. सरळ उभ्या मुठीच्या काही चॅसी नेमक्या याच ठिकाणी नापास होतात.