जंगलाचा पिक्चर कुठं पाहिला? मराठवाड्यातले अनुभव

‘सफेद हाथी’ आठवतो का कुणाला? तपन सिन्हांचा. 1977 सालचा उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला होता. एक अनाथ पोर, जंगल, पांढराशुभ्र ऐरावत आणि त्याला धरायला निघालेला महाराजा. बेताच्या खर्चात काढलेले, जंगलात घडणारे आणि घरातल्या सगळ्यांनी मांडीला मांडी लावून पाहायचे असे जुने पिक्चर आपल्या भागात कुठं, कसे पाहिले गेले ते लिहा.

प्रश्न मुद्दाम मराठवाड्यापुरता ठेवलाय. राज्यात सगळ्यात कमी जंगल आपल्याकडं. आमच्या परभणीत नजर टाकाल तिथं काळी माती, कापूस, ज्वारी आणि बांधावर बाभळी. आपल्यातल्या बहुतेकांनी दाट झाडी आधी पडद्यावर पाहिली आणि मग कधीतरी सहलीत, असं मला वाटतं. नसेल तसं तर खोडून काढा. परीक्षण नको, सगळी ष्टोरी नको. कुठं बसला होतात, शेजारी कोण होतं, काय झालं, एवढं लिहा.

मशीनवाला, नांदेड

मी टुरिंग टॉकीजवर मशीन चालवलेली आहे, त्यामुळं माझं जरा लांबेल.

टुरिंगवाल्याला जंगलाचा पिक्चर म्हणजे हमखास गल्ला. त्यात माळेगावची यात्रा असली तर विचारूच नका. मार्गशीर्षातली अमावस्या, हाडात शिरणारी थंडी, एकीकडं घोड्या-गाढवांचा बाजार आणि दुसरीकडं आमचे तंबू. नवी प्रिंट आमच्या वाट्याला कशाला येतीय? शहरात महिनोन् महिने घासलेली, रेघोट्या पडलेली यायची. प्रेमाच्या पिक्चरात त्या रेघोट्या दिसल्या की पब्लिक शिट्ट्या मारून आमच्या सात पिढ्या काढायचं. जंगलाच्या पिक्चरात मात्र कुणाला पत्ता लागत नव्हता. पाऊस लागलाय म्हणायचे आणि घोंगडी आवळून बसायचे.

वाघ एकीकडचा आणि हिरो दुसरीकडचा, हे आम्हाला मशीनवर लगेच कळायचं. वाघाचा तुकडा आला की रंग बदलायचा, चित्र भरड व्हायचं. कुठलातरी तयार तुकडा विकत घेऊन मधे चिकटवलेला. वाघ आणि माणूस एका चौकटीत शेवटपर्यंत नाहीत. होमी वाडियांनी 1937 साली जॉन कावसला घेऊन ‘तूफानी टारझन’ काढला, तेव्हापासून हिंदीत हा धंदा चालू आहे. साठच्या दशकात लंगोट दारासिंगकडं आला. लोकांनी तोही गोड मानून घेतला.

पडद्याच्या पाठीमागंही आम्ही माणसं बसवायचो, कमी तिकिटात. त्यांना सगळं उलटं दिसायचं, अक्षरंसुद्धा. पण वाचायचं कुणाला होतं! दिवसभर जनावरांचा बाजार करून दमलेले व्यापारी रात्री तिकडं येऊन टेकायचे. हत्तीचा पिक्चर असला की ह्यांचं हिरॉइनकडं लक्षच नाही. “माहूत पाय कुठं दाबू लालाय बघ,” “कानामागं हात नेला बघ.” एका म्हाताऱ्यानं तर पिक्चर सुटल्यावर मला येऊन विचारलं, हत्तीचे दात बघून वय कळतं का म्हणून. मी रिळं गुंडाळत होतो. म्हटलं, बाबा, मालकाला विचारा.

किनवटकर

धागाकर्त्याचं म्हणणं आम्हाला लागू नाही. आमचं घर सागवानातच. सहस्रकुंडाचा धबधबा पायाखालचा, अस्वलाच्या भीतीनं मोहाच्या झाडाखाली पहाटे एकटं जायचं नाही ही ताकीद. त्यामुळं हे पिक्चर आमच्या गावात विनोदी म्हणून चालले.

एक तर त्या जंगलात बारा महिने पालवी. आमचा साग उन्हाळ्यात पार उघडा होतो आणि खाली वाळल्या पानांचा असा थर असतो की साधा उंदीर चालला तरी खडखड ऐकू येते. पडद्यावर मात्र बूट घातलेला व्हिलन हरणाच्या मागं आवाज न करता पोहोचायचा. दुसरं म्हणजे रात्र. पैसे वाचवायला भर दुपारी निळी काच लावून शूटिंग करायचे, आणि रात्र म्हणून दाखवायचे. आमचे गोंड मित्र पहिल्या मिनिटाला ओरडायचे, “सावली बघा रे सावली, अंधारात सावली!” मोठमोठ्या शहरांत हे कुणाला खटकलं नसेल. इथं सावलीवरून वेळ सांगणारी माणसं बसलेली.

हत्ती मात्र आम्ही पण पडद्यावरच पाहिले, तेवढं कबूल.

पाटोद्याची लेक

‘हाथी मेरे साथी’ला कमी बजेटचा म्हणून इथं घेणार नाहीत, माहिताय. राजेश खन्ना म्हटल्यावर स्वस्त कसला. तरी लिहिते, कारण आमच्या घरात जंगलाचा पिक्चर म्हणजे तोच.

पिक्चर 1971 चा. आमच्याकडं तो येईपर्यंत दुष्काळ पडलेला. 72 चा दुष्काळ म्हणजे बीडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. आई-दादा पाझर तलावाच्या कामावर होते. खडी फोडायची, माती वाहायची, पोरांना सुकडी मिळायची, घरात लाल मिलोच्या भाकरी. पगार झाला त्या दिवशी कामावरची तरणी मंडळी तालुक्याला तंबूत गेली. आई नवी नवरी, मावशीला सोबत घेऊन गेली.

रामू हत्ती मरतो तिथं सगळा तंबू रडला, असं सगळेच सांगतात. आई पण रडली. पण तिला त्याच्याआधीचं जास्त आठवायचं. पडद्यावर एवढे हत्ती, एवढी हिरवळ, आणि हिच्या डोक्यात एकच: “ह्यास्नी पाणी कुठून आणत असतील गं?” मावशी म्हणाली, पिक्चरवाल्यांचं टँकर असंल. त्यावर पुढच्या रांगेतला एक गडी मागं वळून म्हणाला, “बाई, असं टँकर असंल तर आपल्या वस्तीवर पाठवा म्हणावं.” आजूबाजूचे हसले आणि हत्तीचं गाणं तसंच निघून गेलं.

आता मी तो पिक्चर लावला की आई हत्ती बघत नाही. मागची नदी बघते आणि ती कुठली असेल त्यावर बोलत बसते.

निलंगेकर

आमच्या लातूर जिल्ह्यात जंगल नावापुरतं. आमचं जंगल दूरदर्शनवर, तेही ब्लॅक अँड व्हाइट. देशात रंगीत प्रक्षेपण 1982 साली सुरू झालं, पण आमच्या गल्लीतला एकुलता सेट पुढं बरीच वर्षं काळा-पांढराच होता. हत्ती मुळात पांढरा असल्यामुळं नुकसान झालं नाही.

सेट ओट्यावर, समोर पोती अंथरून सगळी गल्ली. बायका आणि लेकरांना हिंदी जेमतेम, पण आमचे आबा निजामाच्या शाळेत उर्दूतून शिकलेले. 17 सप्टेंबर 1948 च्या आधीच्या पिढीत अशी माणसं गावोगाव होती. सही मोडीत, अर्ज उर्दूत आणि अभंग मराठीत. महाराजाच्या तोंडून जड शब्द आला की आबा खाकरून अर्थ सांगायचे, आणि सांगता सांगता स्वतःचं घालायचे. आमच्या महाराजानं पडद्यावरच्यापेक्षा कितीतरी जास्त हुकूम सोडले. रझाकारांच्या काळातला एक अंमलदारही त्यांनी त्या जंगलात आणून सोडला होता.

ऐरावताला धरायची तयारी झाली आणि लाईट गेली. लेकरं रडकुंडीला. तेव्हा आजीनं सूत्रं घेतली. ऐरावत इंद्राचा, समुद्रमंथनातून निघालेला, त्याला हा कोण टिकोजी बांधणार? आधी गजेंद्रमोक्ष झाला. मग हत्ती महाराजाला सोंडेत धरून परळीला घेऊन गेला, वैजनाथाच्या पायऱ्यांवर नाक घासायला लावलं आणि परत येताना लेकरासाठी पेढे आणले. आबांना हे पटलं नाही. “सिनेमात असं नाही,” म्हणाले. आजी म्हणाली, “तुमचा अंमलदार तरी कुठं होता?”

मोठेपणी खरा शेवट पाहिला. ठीक आहे. पेढे नाहीत.

निवृत्त मास्तर, अंबाजोगाई

शाळांचा उल्लेख अजून कुणी केला नाही. बालचित्र समितीची स्थापना 1955 ची. तिचे पिक्चर सकाळच्या खेळाला सवलतीत दाखवत, किंवा 16 एमएमचं मशीन थेट शाळेत येई. आम्ही हॉलच्या खिडक्यांना सतरंज्या ठोकायचो, तरी वरच्या झरोक्यातून उन्हाची तिरीप नेमकी पडद्यावर यायची आणि जंगलाच्या मधोमध एक पांढरा चौकोन पडायचा. तो चौकोन सरकत कुठपर्यंत गेला, त्यावरून मी मधल्या सुट्टीचा अंदाज घेई.

दुसऱ्या दिवशी निबंध दिला, ‘मी जंगलात हरवलो तर’. निम्म्या पोरांच्या जंगलात विहीर आणि मोट होती. एकाच्या जंगलात आठवडी बाजार भरत होता आणि तो तिथं भजी खाऊन एसटीनं घरी आला. मी त्याला चांगले मार्क दिले. हरवल्यावर एवढं डोकं कुणाचं चालतं?

ती समिती 2022 मध्ये एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाली. तिच्या जुन्या चित्रपटांच्या चांगल्या प्रती शाळांपर्यंत सहज पोहोचायला हव्यात, असं मला फार वाटतं. आजच्या पोरांना संथ वाटतील म्हणतात. आम्ही पण चुळबुळ करणाऱ्या पोरांनाच दाखवत होतो.

संभाजीनगरहून

पोराला हे पिक्चर दाखवले आणि मग गौताळा अभयारण्यात नेलं. गाडीतून उतरल्या उतरल्या विचारतो, “बाबा, हत्ती कुठल्या गेटला असतात?” बिबट्या आहे म्हटलं तर तोंड वाकडं केलं.

किनवटकर

मशीनवाले काका, तुमच्या त्या टुरिंगचं पुढं काय झालं? आमच्याकडं व्हिडिओ आला आणि तंबू यायचेच बंद झाले. गणपतीत भाड्यानं व्हीसीआर आणायचा, रात्रभर तीन पिक्चर, त्यात हत्तीचा मधला, कारण तोवर लेकरं जागी असायची.

मशीनवाला, नांदेड

तेच झालं दादा. तंबूचं कापड एका मंडपवाल्यानं घेतलं, बाकडी लग्नकार्याला गेली, मशीन किलोवर भंगारात. मी लेन्स तेवढी काढून ठेवली होती. नातवाच्या हाती लागलीय. उन्हात धरून कागद जाळत असतो.

धागाकर्ता, परभणी

काका, कागदापर्यंत ठीक आहे. गंजीकडं जाऊ देऊ नका त्याला, कडबा फार महाग झालाय. बाकीच्यांनी लिहीत राहा. हिंगोली आणि जालन्याकडून अजून कुणीच बोललेलं नाही.