मदत हवी आहे: मुलीच्या वारंवार होणाऱ्या उलट्या आणि कानामागे लावायचं नर्व्ह स्टिम्युलेशनचं यंत्र

नमस्कार. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला अधूनमधून उलट्यांचा झटका येतो आणि सगळं घर हवालदिल होतं. पुण्याच्या पोटविकारतज्ज्ञांनी सायक्लिक व्हॉमिटिंग सिंड्रोम असं निदान केलंय.

झटका जवळजवळ नेहमी पहाटे येतो. उठते तीच पांढरीफटक पडलेली. तोंडाला लाळ सुटते, ती गिळली की उलटी होईल या भीतीने वाटी धरून थुंकत बसते. पहिल्या तासात चार-पाच वेळा तरी होते. पोटातलं संपलं की पिवळं पाणी, मग नुसत्या कोरड्या ओकाऱ्या. दिवा लावू देत नाही, शेजारच्या कुकरची शिट्टी झाली तरी कान झाकून घेते. दीड-दोन दिवस असं चालतं आणि मग एकदम थांबतं. उठून दहीभात मागते, संध्याकाळी सायकल घेऊन खाली. पुढचा झटका येईपर्यंत बघणाऱ्याला पटणारही नाही की ही मुलगी आजारी असते.

आनंदाचा प्रसंग आला की माझ्या पोटात गोळा येतो. गड्ड्याच्या जत्रेला जायचं म्हणून रात्री झोपली नाही, आणि अक्षता सोहळ्याच्या दिवशी आम्ही सलाईन लावून दवाखान्यात. मामाच्या लग्नातही तेच. एका दवाखान्यात रात्रपाळीच्या डॉक्टरांनी तिच्यासमोरच "शाळा बुडवायची नाटकं" असं म्हटलं. ते ती अजून विसरलेली नाही, मीही नाही.

तपासण्या झाल्यात. सोनोग्राफी, मेंदूचा एमआरआय नॉर्मल. बेरियम करून आतड्याला पीळ नाही हेही बघितलं. मला स्वतःला अर्धशिशी आहे आणि डॉक्टरांच्या मते या आजाराचं अर्धशिशीशी जवळचं नातं असतं. ईसीजी काढून रात्री अमिट्रिप्टिलिन हे झटके टाळण्यासाठीचं औषध सुरू केलं. दोन झटक्यांमधलं अंतर थोडं वाढलं, पण सकाळी शाळेत पेंगते.

आता मुद्द्याचं. अमेरिकेत कानामागे चिकटवायचं एक छोटं यंत्र आहे, आयबी-स्टिम. त्याच्या तारांच्या बारीक सुया कानाच्या त्वचेत बसवतात आणि मंद विद्युतप्रवाह सोडतात. कानाच्या त्वचेत व्हेगस नर्व्हची (मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी नस) एक फांदी येते, तिच्यातून संदेश मेंदूच्या ज्या भागात पोहोचतात तिथेच मळमळ-उलटीचंही नियंत्रण असतं, म्हणून उपयोग होत असावा असं म्हणतात. पाच दिवस यंत्र कानावर, मग काढायचं, पुढच्या आठवड्यात नवीन. आमच्या ओळखीतल्या एका फिजिओथेरपिस्टने टेन्स मशीनला (दुखण्यावर त्वचेवरून सौम्य वीज देणारं यंत्र) कानाची क्लिप लावून "तसंच" करून देतो म्हटलंय.

जाणकारांनी सांगावं: आठ-दहा वर्षांच्या मुलांना याचा खरंच उपयोग होतो का? पुणे, मुंबई किंवा हैदराबादला कुणी मुलांसाठी हे करून घेतलंय का? आणि ती टेन्सची क्लिप लावून बघावी का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.

प्रतिसाद (पुणे)

ताई, मी मुलांच्या विभागात काम केलंय म्हणून लिहितोय. त्या यंत्राला अमेरिकेच्या एफडीएने 2019 साली परवानगी दिली ती 11 ते 18 वर्षांच्या मुलांच्या पोटदुखीसाठी, आयबीएसशी (पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारींचा आतड्याचा आजार) संबंधित. उलट्यांसाठी नव्हे. उलट्यांवर 2023 मध्ये एक अभ्यास छापून आला. त्यात 8 ते 18 वर्षांची 30 मुलं होती आणि उपचार सहा आठवड्यांचा होता. निम्म्याहून जास्त मुलांना फरक पडला, आशा वाटण्यासारखीच गोष्ट आहे. पण तुलनेसाठी खोटं यंत्र लावलेला गट त्यात नव्हता. हा आजार मुळातच येतो-जातो, त्यामुळे किती गुण यंत्राचा आणि किती आपोआपचा, हे त्यावरून ठरत नाही.

टेन्सची क्लिप म्हणजे ते यंत्र नव्हे. सुया नाहीत, प्रवाहाची मात्रा वेगळी, अभ्यास वेगळे. तुमच्या पोटविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नऊ वर्षांच्या मुलीच्या कानाला ती लावू नका.

त्यापेक्षा एक विचारतो. सोनोग्राफी झटका चालू असताना काढली होती का? काही मुलांमध्ये किडनीतून लघवी खाली उतरण्याच्या जागी अडथळा असतो, किडनी फक्त त्याच वेळी फुगते आणि एरवी सोनोग्राफी स्वच्छ येते. रक्तातलं अमोनिया, लॅक्टेट आणि लघवीतले कीटोनही झटक्यातच बघायचे असतात, शक्यतो सलाईन लावायच्या आधी. औषधाने पेंग येत असेल तर वेळ किंवा मात्रा बदलता येते, मनाने बंद मात्र करू नका.

प्रतिसाद (बार्शी)

आमच्या मुलाचं अगदी असंच होतं. आम्हाला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो डॉक्टरांच्या पत्राचा. लेटरहेडवर निदान, वजन, ग्लुकोजचं सलाईन किती, उलटी थांबवायचं ऑनडॅन्सेट्रॉन किती, अंधाऱ्या शांत खोलीत ठेवा, सगळं लिहून घेतलं. कुठल्याही दवाखान्यात ते पुढे केलं की कुणी नाटक म्हणत नाही, लगेच सुई लागते. दुसरं म्हणजे उपाशी झोपू द्यायचं नाही. रात्री झोपताना थोडं खाऊ घालतो आणि सुट्टीतही झोपेची वेळ मोडत नाही. लग्नकार्य असलं की आधी सांगतच नाही त्याला, आदल्या दिवशी कळतं. मुलीला जवळ घ्या ताई, तिला सांगा की हा खरा आजार आहे.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. सोनोग्राफी प्रत्येक वेळी ती बरी झाल्यावरच झालीये, झटक्यात एकदाही नाही. हे आम्हाला कुणी सुचवलंच नव्हतं. क्लिपचं तूर्त थांबवते. पत्र आणि रक्ताच्या तपासण्यांची यादी या आठवड्यात पुण्याहून मागवते, यंत्राबद्दलही तेव्हाच विचारेन.

आता सोलापूरकरांना विचारते: पहाटे, सलाईन चालू असताना लहान मुलांची सोनोग्राफी करून देणारं ठिकाण कुठलं? सात रस्ता किंवा होटगी रोडकडचं असेल तर आम्हाला जवळ पडेल. आणि अमोनियाचा नमुना बर्फात ठेवून लगेच लॅबला द्यावा लागतो म्हणे, तो रात्री घेणारी लॅब माहीत असेल तर तीही सांगा.