जुन्या वास्तूत 'रेट्रो' बार: भिंतींना हात लावावा का? (टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांची चर्चा)

चुनखडी
शंभर-सव्वाशे वर्षांच्या इमारतीत बार करायचा ठरला की पहिली मागणी 'रेट्रो लूक'ची. पितळी पट्ट्या, पंख्याच्या आकाराची नक्षी, निऑनची पाटी. माझं म्हणणं, हे सगळं सुट्या सामानात आणा. भिंती, छत, फरशी यांना हात लावू नका. इमारतीला तिचं स्वतःचं वय असतं. १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनामुळे नावारूपाला आलेली आर्ट डेको ही भौमितिक नक्षीची शैली तिच्या अंगावर चढवली, की मूळचं काय आणि परवा बसवलेलं काय, हेच कळेनासं होतं. अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, असं १९६४ चा व्हेनिस चार्टर, म्हणजे वास्तू-जतनाची आंतरराष्ट्रीय सनद, सांगतो.

रात्रपाळी
त्याच चार्टरमध्ये असंही आहे की वास्तू समाजाच्या उपयोगात राहिली तर तिचं जतन सोपं होतं. कुलूप लागलेल्या इमारतीचं गळकं छप्पर कोण दुरुस्त करणार? लोक बारमध्ये येतात ते वातावरणासाठी, आणि चार जुन्या खुर्च्या मांडून ते तयार होत नाही. व्हिएन्नातला वास्तुविशारद आडॉल्फ लूसचा १९०८ चा अमेरिकन बार बघा. खोली छोटीशी, पण महोगनीचं लाकूड, त्याच्या वर आरसे, छताला संगमरवराचे चौकोन. भिंत आणि छत दोन्ही कामाला लावली, म्हणून ती खोली प्रशस्त वाटते.

चुनखडी
लूसने १९०८ मध्ये १९०८ चंच काम केलं. गेलेला काळ उसना आणला नाही. हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे.
शिवाय प्रश्न दिसण्यापुरता नाही. चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडत राहते. त्यावर प्लास्टिक पेंट किंवा विनाइल वॉलपेपर लावला की ती आत कोंडते, क्षार फुलतात, पोपडे सुटतात.

ओळंबा
साइटवर काम करणारा म्हणून सांगतो, तुम्ही दोघं पाणी विसरताय. काउंटरमागे सिंक, बर्फाचं मशीन, ग्लास धुण्याचं मशीन. खाली लाकडी तुळया असतील तर गळती कळेपर्यंत तुळईचं टोक कुजलेलं असतं. काउंटर कुठे येणार हे आधी ड्रेनेज लाइन बघून ठरवा, शैलीचं नंतर. काउंटरखाली ट्रे आणि तपासणीसाठी उघडणारी फळी हवीच.
पॅनेलिंग हवं असेल तर भिंतीपासून सुटी उभी चौकट करा. मागे हवा खेळती राहते, वायरिंग चौकटीतूनच जातं, भिंतीला झिरी पाडावी लागत नाही. बार उठला तर चौकट काढून नेता येते.

रात्रपाळी
चौकट मान्य. फिलामेंटचे बल्बही सोडतो, पिवळसर एलईडी चालतील. पण मग चौकटीवर मला हवा तो काळ उभा करू द्या, तोही पूर्ण. अर्धवट रेट्रो सगळ्यात वाईट दिसतं.

चुनखडी
काउंटर आणि त्यामागचा आरसा घ्या, तिथे पूर्ण करा. पण कोनाडे, महिरपी आणि खिडक्यांच्या चौकटी झाकणार असाल तर माझा विरोध कायम आहे. काढता येण्याजोगं पॅनेलही वीस वर्षं तिथे राहिलं, तर तेवढी वर्षं ती महिरप कुणालाच दिसत नाही.