मदत हवी: हँडरेलचा खांब लेथवर टोकाला जाड राहतोय, वाकतोय

इंजिनवेडा
लवकर उत्तर हवंय, दोन आठवडे याच्यातच अडकलोय. वाफेच्या इंजिनाचं १:३२ चं मॉडेल करतोय. बॉयलरच्या कडेने हँडरेल जाते, तिचे खांब लेथवर काढतोय. २४ लागतात. खांबाचा दांडा १.२ मिमी जाड हवा. मुळाशी बरोबर १.२ येतो, मोकळ्या टोकाला १.३५. तो फरक काढायला परत कट मारला की दांडा वाकतो नाहीतर तुटून उडतो. ११ वाया गेले. लेथच्या बेडचं (खालच्या पायाचं) लेव्हल बघू का? काय चुकतंय?

लेथकाका
धातू कुठला? दांडा किती लांब? सळई चकच्या (ती धरणाऱ्या जबड्यांच्या) बाहेर किती आहे? टूल कसलं, कट केवढा? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

मायक्रॉन
हेडस्टॉक (चक फिरवणारा भाग) सरकलाय, शंभर टक्के. माझ्या लेथला हेच झालं होतं. जाड सळई धरा, १०० मिमी लांब हलका कट घ्या, दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लावा. फरक दिसला की हेडस्टॉकचे बोल्ट सैल करून सरळ करा.

इंजिनवेडा
पितळ आहे. ३ मिमी सळई, दांडा ६ मिमी लांब, वर २.४ चा गोळा. टेबलावरचा छोटा लेथ, तीन जबड्यांचा चक. टूल लेथबरोबर आलेलं, इन्सर्टचं (टोकाला बदलता येणारं पातं असलेलं). कट ०.०५ चे घेतो, जास्त घ्यायची भीती वाटते. हेडस्टॉक कसा सैल करायचा?

लेथकाका
हेडस्टॉकला हात लावू नका! ६ मिमीत ०.१५ चा फरक हेडस्टॉकमुळे असता, तर १०० मिमीला अडीच मिमी आला असता. तो नुसत्या डोळ्यांना दिसला असता. इथे दांडा टूलपासून लांब पळतोय, बाकी काही नाही. आणि सळई बाहेर किती, ते अजून सांगितलं नाहीत.

मायक्रॉन
तपासायला काय हरकत आहे? मी बोल्ट लगेच सोडा म्हटलं नाही, आधी मोजा म्हटलं.

रेझिनराव
एवढा खटाटोप कशाला? एक खांब नीट करा, सिलिकॉनचा साचा घ्या, बाकीचे २३ रेझिनमध्ये ओता. रंग दिल्यावर कुणाला कळतंय?

इंजिनवेडा
रेझिनचा १.२ चा दांडा हँडरेल बसवतानाच मोडेल. मला पितळेचेच हवेत, बॉयलरला सोल्डर करायचे आहेत.
सळई २५ मिमी बाहेर आहे. सारखी ओढायला लागू नये म्हणून एकदाच काढतो.

फिरकी
आता कळलं. तीन गोष्टी एकत्र आल्यात.

इन्सर्टच्या टोकाचा रेडियस (गोलाई) बहुतेक ०.४ असेल. त्यावर ०.०५ चा कट घेतला तर टूल कापण्यापेक्षा जॉबला (कापायच्या सळईला) बाजूला ढकलतं जास्त. आणि तुम्ही अख्खा दांडा थोडा थोडा करत बारीक करताय, म्हणजे शेवटचे कट बारीक झालेल्या दांड्यावरच पडतात. व्यास निम्मा झाला की वाक सोळापट. ३ वरून १.२ वर आलात की जवळजवळ चाळीसपट. त्यात लांबी दुप्पट केली की आठपट आणखी.

म्हणून उलटं करा. सळई १२ मिमीच बाहेर ठेवा, गोळ्याची जागा चककडे, दांडा मोकळ्या टोकाला. टोकापासून चककडे एकाच कटमध्ये ३ चा १.२ करा. टूल कायम जाड सळईच्या खांद्यावर कापतं, मागे राहिलेल्या बारीक दांड्यावर जोरच येत नाही. टोकदार एचएसएस (हाय स्पीड स्टीलचं) टूल घ्या, वरचा रेक (वरच्या बाजूचा उतार) शून्य, पितळेला तेच लागतं. ऑइल स्टोनवर धार लावा, टोकाची अणी जेमतेम बोथट करा.

इंजिनवेडा
०.९ खोल कट?? माझा ०.०५ लाच वाकतोय!

फिरकी
०.०५ आहे म्हणूनच वाकतोय. फीड हळू द्या (टूल सावकाश पुढे सरकवा), वेग लेथचा असेल तेवढा. ३ मिमीला ३००० फेरे म्हणजे मिनिटाला २८ मीटर, पितळेला ते काहीच नाही.

लेथकाका
सहमत, पण सेंटर हाईट (टूलचं टोक जॉबच्या मध्याच्या उंचीला आहे का) आधी बघा. टूल आणि जॉबच्या मध्ये पातळ स्टीलपट्टी हलकेच दाबा. पट्टी उभी सरळ राहिली तर बरोबर. तिरकी झाली तर टूलखाली शिम (पातळ पत्रा) घाला किंवा काढा. एवढ्या बारीक कामात ०.१ चा फरकही नडतो.

चकाचक
मी सरळ पॉलिश पेपर बोटाने दांड्याभोवती धरतो. टोकाचे ०.१५ दोन मिनिटांत जातात.

लेथकाका
असं कुणी करू नका. फिरत्या जॉबभोवती कागद गुंडाळला की तो बोटासकट ओढला जातो. कागद लाकडी पट्टीला चिकटवून वापरा. हातमोजे तर अजिबात नकोत.

चकाचक
वर्षानुवर्षं करतोय, काही झालं नाही.

लेथकाका
माझ्या शेजारच्या मशीनवरच्या माणसाचं नख मी उपटलेलं पाहिलंय. तुम्हाला हात जोडतो, सोडून द्या ती सवय.

घड्याळजी
गोळ्याचं कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. हँडरेल जायचं आरपार भोक आधी पाडा, सळई ३ मिमीची असतानाच. लोखंडी ठोकळ्यात ३ चं भोक, त्याला काटकोनात ०.८ चं, की झाला जिग (ड्रिलला वाट दाखवणारा साचा). तयार गोळ्यावर ड्रिल घसरतं. गोळ्यासाठी २ मिमी आतल्या व्यासाची कडक नळी घ्या, तोंड धारदार करा, फिरत्या जॉबवर हाताने तिरकी फिरवत न्या. गोल आपोआप येतो.

मायक्रॉन
नळी कशाला, फॉर्म टूल (गोळ्याच्याच आकाराची धार असलेलं) घासा. २४ गोळे एकसारखे येतील.

घड्याळजी
फॉर्म टूल एवढ्या छोट्या लेथवर थरथरतं, गोळ्यावर लाटा उठतात.

इंजिनवेडा
आत्ताच करून पाहिलं. टूल खरंच ०.२ वर होतं, खालची शिम काढली. सळई १२ मिमी, एकच कट, हात थरथरत होता. चिप बारीक सुयांसारखी उडाली, आवाजही वेगळाच. मुळाशी १.२०, टोकाला १.२१. तीनदा मोजलं, विश्वासच बसेना. फिरकी, काका, मनापासून आभार. पाठोपाठ आणखी चार काढले, सगळे १.२० ते १.२२.

आता भोक. ठोकळा उद्या करतो. पार्टिंगनंतर (खांब सळईपासून कापून वेगळा केल्यावर) गोळ्याच्या डोक्यावर टेंगूळ राहतं, ते कसं काढायचं?

फिरकी
दांडा कोलेटमध्ये (सगळीकडून सारखं धरणाऱ्या चिरलेल्या नळीत) उलटा धरा, बारीक कानशीने काढा. चकमध्ये धरू नका, जबड्यांचे वण उठतील.

रेझिनराव
बॉयलरला सोल्डर करणार म्हणालात, मग पत्र्याला भोकं पाडून झालीत का? पत्रा किती जाडीचा आहे?