मदत हवी आहे: भाचीला स्पॅनिशमधले रंग कसे शिकवू?

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीत राहतो. माझ्या भाचीने, ती सातवीत आहे, स्पॅनिश शिकायला घेतलंय आणि सुरुवात रंगांपासून केलीय. रोखो (लाल), आसूल (निळा), बेर्दे (हिरवा), अमारियो (पिवळा), नेग्रो (काळा), ब्लांको (पांढरा) हे तोंडपाठ झालं. अडतंय ते वाक्यात वापरताना.

स्पॅनिशमध्ये रंग नामाच्या नंतर येतो आणि लिंग-वचनाप्रमाणे बदलतो. आपल्याकडची द्राक्षं घेऊन मी तिला सांगितलं: ऊबा नेग्रा म्हणजे काळं द्राक्ष, अनेक असली तर ऊबास नेग्रास. पण हिरवी द्राक्षं ऊबास बेर्देस, तिथे नेग्रो-नेग्रासारखा (पुल्लिंगी ओ, स्त्रीलिंगी आ) ओ-आ बदल नाहीच. आपलं काळा-काळी-काळं बदलतं आणि लाल तसंच राहतं, हे दाखवल्यावर तिला पटकन उमगलं. मात्र वस्तूचं लिंग मराठीशी जुळत नाही, तिथे ती गोंधळते. मासा आपला पुल्लिंगी आणि त्यांचाही, पण घर त्यांच्याकडे स्त्रीलिंगी, म्हणून पांढरं घर म्हणजे कासा ब्लांका.

नाम आणि रंग अशा जोड्याच पाठ करून घेऊ, की आधी लिंगाचा नियम पक्का करू? दुसरं, स्पेनमध्ये रोखोतला ख घशातून खरखरीत येतो, लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी तो ह सारखा मऊ. तपकिरीला स्पेनमध्ये मार्रोन, मेक्सिकोत काफे. नवशिक्या मुलीने एकच धरावं का, आणि कोणतं?

सांगली-मिरजेत कुणी स्पॅनिश शिकलेलं असेल तर जरूर सांगा. पोरीची गोडी टिकायला हवी, एवढीच तळमळ आहे.