जळगावहून एका दिवसात, माणशी चारशे रुपयांत डोंगर चढून यायचाय. कुठे जावं?

केळीचं_पान
नमस्कार मंडळी. आम्ही सहा जण आहोत, चार पोरं दोन पोरी, सगळे जळगावचेच. दोघं एमपीएससीच्या अभ्यासाला बसलेत, एकाला नुकतीच चटईच्या कंपनीत नोकरी लागलीय म्हणून रविवार सोडून सुट्टी नाही, बाकीचे आमचे असेच काहीतरी चालू आहे. सगळ्यांना एकत्र येऊन खूप दिवस झालेत म्हणून ऑगस्टच्या शेवटी एखादा डोंगर करायचा ठरतंय. एका ट्रेकवाल्यांना विचारलं तर माणशी बाराशे सांगितले, त्यात नाश्ता आणि टीशर्ट, आम्हाला टीशर्ट नकोय हो, डोंगर हवाय. माणशी चारशेच्या वर कोणाचीच ऐपत नाही आणि एकाला परवडत नाही म्हणून तो मागे राहिला असं आम्हाला करायचं नाहीये. तोरणमाळ, अस्तंभा, लळिंग, पाटणादेवी अशी नावं निघालीत. सकाळी निघून रात्री घरी यायचं आहे, मुलींच्या घरी तेवढ्यावरच परवानगी मिळालीय. कोणी जाऊन आलं असेल तर नीट सांगा.

गिरणाकाठ
भाऊ, डोळे झाकून कन्हेरगड करा, पाटणादेवीचा. मी चाळीसगावचा आहे म्हणून सांगतोय असं नाही, तुमच्या पैशात आणि एका दिवसात एवढं सगळं एका जागी दुसरीकडे मिळणार नाही. जळगाव ते चाळीसगाव रेल्वेने या, एक्सप्रेसचं जनरल तिकीट काढलं तरी शंभरच्या आत काम होतं. पुढे पाटणादेवी १८ किलोमीटर. एसटी आहे पण फेऱ्या कमी, म्हणून स्टँडवर उतरल्या उतरल्या चौकशीच्या खिडकीवर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारा आणि मगच पुढे निघा, ही वेळ चुकली की मग खाजगी गाडीवाला म्हणेल तो भाव आणि तिथेच तुमचं बजेट संपलं. दोन्ही ताईंना एसटीत अर्धं तिकीट आहे, मार्च २०२३ पासून, ते हिशोबात धरा. सहा जण असले की शेअर रिक्षासुद्धा परवडते, भाव आधी ठरवायचा.

आता गडाचं. देवीचं देऊळ उंच जोत्यावर आहे, बाहेरून इतक्या कोनांचं की एक प्रदक्षिणा घालताना प्रत्येक वळणावर नवीन मूर्ती समोर येते. दर्शन घ्या पण तिथे फार वेळ घालवू नका, ऊन चढायच्या आत गड गाठा. गडाच्या पायथ्याला महादेवाचं जुनं हेमाडपंती देऊळ आहे. तिथे मात्र थांबाच. एमपीएससीवाल्यांसाठी तर खास, कारण भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालू राहावा म्हणून इथे मठ काढला असं पाटणच्या, म्हणजे इथल्याच पाटणा गावच्या, शिलालेखात कोरलेलं आहे. १२०७ सालची गोष्ट आहे ही. भाऊ दाजी लाडांनी तो लेख उजेडात आणला. आपल्या खानदेशात डोंगराच्या कुशीत आठशे वर्षांपूर्वी गणित शिकवायची सोय होती, आणि आपली पोरं तिथे फक्त धबधब्यासोबत फोटो काढून परत येतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

वर चढताना नागार्जुन कोठी नावाची लेणी लागते, आत जैन मूर्ती आहेत, जवळच सीतेची न्हाणी. लेणीत शिरल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत गप उभं राहा, मग हळूहळू मूर्तीचे खांदे, मग चेहरा दिसायला लागतो. मोबाईलचा टॉर्च लगेच लावला तर ही मजा जाते. आरामात चढलात तरी दीड-दोन तासांत वर.

जवळची पितळखोऱ्याची लेणी त्याच दिवशी उरकायच्या भानगडीत पडू नका. ती वेगळा दिवस मागतात.

लांडोर_धुळे
पाटणादेवी छानच आहे पण पहिल्यांदाच चढणार असाल तर लळिंगचा विचार करा ना. धुळ्यापासून दहाएक किलोमीटर, मुंबई-आग्रा रस्त्याला लागूनच, किल्ला चढायला तासभर पुष्कळ. खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या सुरुवातीच्या काळातलं हे महत्त्वाचं ठाणं. वरून कुरण दिसतं, पावसाळ्यात इतकं हिरवंगार की विचारू नका. तिथलाच लांडोर बंगला, बाबासाहेब १९३७ साली तिथे मुक्कामी होते, ३१ जुलैला लोक लांबून लांबून येतात. अडचण एकच, जळगावहून धुळे आणि परत, म्हणजे एसटीतच पाच-सहा तास जातात आणि चढाई तासाभराची. धुळेकरांसाठी भारी, तुमच्यासाठी प्रवास जास्त डोंगर कमी असं होईल.

अस्तंभा यादीतून काढूनच टाका. धडगाव तालुक्यात आहे तो, अश्वत्थाम्याचं ठिकाण, धनत्रयोदशीच्या सुमारास यात्रा असते आणि आदिवासी बांधव श्रद्धेने रात्रभर चालत जातात. तिथे जायचं तर यात्रेलाच जावं आणि वेळ हातात ठेवून जावं. एका दिवसात जळगाव-अस्तंभा-जळगाव होणं नाही. तोरणमाळपण तसंच, शहाद्यापासून पुढे घाटाचा रस्ता, मुक्कामाशिवाय त्यात काही राम नाही.

दशमी_ठेचा
जेवणावर एक रुपया खर्च करू नका. घरून दशम्या न्या, पीठ दुधात भिजवून केलेल्या असल्या की संध्याकाळपर्यंत मऊ राहतात, सोबत शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कांदा, आणि जळगावचे आहात तर डझनभर केळी. काकडी न्या. फोडणीचे मुरमुरे मोठ्या डब्यात. पाणी माणशी तीन लिटर, वरच्या टाक्यांचं पाणी पिऊ नका.

आणि कृपा करून तिथे चूल पेटवून भरीत करायचा बेत आखू नका. मी मुद्दाम लिहितेय कारण आपल्याकडे चार मित्र जमले की वांगी भाजायचं निघतंच. हे गौताळा औट्रम घाट अभयारण्य आहे, १९८६ पासून, बिबट्या आहे तिथे, आग लावायची नाही म्हणजे नाही. दुसरं म्हणजे लेण्यांच्या आसपास आग्या मोहोळ असतात. धूर झाला, कोणी दगड मारला, कोणी सेंट मारून आलं, की उठतात, आणि उतारावर पळायला जागा नसते. भरीत घरून करून न्या, थंडसुद्धा छान लागतं.

केळीचं_पान
सगळ्यांचे मनापासून आभार, मस्त माहिती मिळाली. कन्हेरगड फायनल करून राहिलो. एकच शंका, ऑगस्टच्या शेवटी पाऊस जोरात असला तर? तारीख आता ठरवली की पुन्हा सहाच्या सहा जण कधी जमतील सांगता येत नाही.

गिरणाकाठ
भो, यावर मी तडजोड करणार नाही. ३१ ऑगस्ट २०२१ आठवतो का? एका रात्रीत तितूर आणि डोंगरीला पूर आला, अर्धं चाळीसगाव पाण्यात, कन्नड घाटात दरडी कोसळल्या, गुरंढोरं वाहून गेली. ती डोंगरी नदी पाटणादेवीच्याच डोंगरातून येते. तुम्ही चढाल तेव्हा नाला घोट्याएवढा असतो, वर कन्नडकडे पाऊस झाला की उतरताना तोच नाला कमरेला लागतो आणि तुमच्याकडे ऊन पडलेलं असतं. त्यामुळे आदल्या दोन दिवसांत जोरदार पाऊस झाला असेल किंवा हवामान खात्याने इशारा दिला असेल तर जाऊच नका, आणि गेल्यावर पाणी गढूळ व्हायला लागलं की गड अर्धा राहिला तरी माघारी फिरा. दगडाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, गुळगुळीत तळाच्या चपला घालून कोणाला येऊ देऊ नका.

माझं ऐकाल तर सप्टेंबर संपता संपता जा, फक्त नवरात्र कधी बसतंय ते बघून, त्याच्या आधी. झरे चालू असतात, पायवाटा वाळायला लागतात, देवीला अजून गर्दी नसते. नवरात्रात गाड्या भरपूर मिळतात पण तुम्हाला हवी ती शांतता मिळत नाही. पावसानंतर वरची वाट मात्र गवतात हरवलेली असते, म्हणून पाटणा गावातून एक माहितगार पोरगा सोबत घ्या. त्याला सहा जणांत मिळून चार-पाचशे द्या, म्हणजे माणशी शंभरच्या आत पडतात. रेल्वे, एसटी, हे धरूनही चारशेच्या आत बसतं. पैसे वाचवायचे ते खाण्यात वाचवा, त्याच्याशी घासाघीस करू नका.

दशमी_ठेचा
वाटाड्याच्या नावाचीपण दशमी बांधा हं, सहा नाही, सात जणांचा डबा.

केळीचं_पान
सप्टेंबरचा शेवटचा रविवार ठरला, सगळ्यांना कळवलं. चटईवाल्याने आजच सुपरवायझरला सांगून ठेवलंय.