वेल्समध्ये आईच्या केअरसाठी रीजनल पार्टनरशिप बोर्डाचा काही उपयोग होतो का?

टिटवी: नमस्कार मंडळी, साऊथ वेल्समधलं कोणी आहे का इथे? आई 81 वर्षांची, आमच्याकडेच असते, इथली सिटिझन आहे, डिमेन्शिया आहे. मध्ये घरात पडली, अ‍ॅडमिट केलं, आणि मग डिस्चार्ज लटकला, कारण हॉस्पिटल म्हणे कौन्सिलचा (इथल्या नगरपालिकेचा) केअरर, म्हणजे घरी येऊन सांभाळणारं माणूस, ठरेपर्यंत सोडत नाही आणि कौन्सिल म्हणे हॉस्पिटलचे कागदच आले नाहीत, आणि आम्ही दोघांच्या मध्ये फोन फिरवत. आता घरी आलीय पण इंग्रजी पार विसरली, केअररशी मराठीतच बोलते आणि ती बिचारी नुसती मान हलवते. एका लीफलेटमध्ये वाचलं की कौन्सिलं आणि हेल्थ बोर्ड (भागातली सरकारी आरोग्यसेवा चालवणारं मंडळ) मिळून रीजनल पार्टनरशिप बोर्ड चालवतात. त्यांना लिहून काही होतं, की नुसत्या मीटिंगा?

कार्डिफकर: ताई, मी इथे अ‍ॅडल्ट सोशल केअरमध्येच आहे. वेल्समध्ये 22 कौन्सिलं आणि 7 हेल्थ बोर्ड, त्यांची मिळून 7 पार्टनरशिप बोर्डं, 2014 च्या कायद्याने, 2016 पासून सक्तीची. तुमच्यासारखी हॉस्पिटल-कौन्सिल टोलवाटोलवी थांबावी हाच मूळ उद्देश. चालतं तिथे छान चालतं, ग्वेंटमध्ये 5 कौन्सिलं आणि हेल्थ बोर्डाने 2011 लाच फ्रेल्टी सर्व्हिस काढली, नर्स, थेरपिस्ट आणि सोशल केअरवाले एका टीममध्ये, म्हातारं माणूस शक्यतो घरीच सांभाळायचं. पण केअर होमसाठी बजेट एकत्र करा म्हणून 2018 पासून सक्ती आहे ना, ते बऱ्याच ठिकाणी कागदावरच एकत्र, ज्याचे पैसे त्यालाच परत.

तर बोर्ड तुम्हाला केअरर देणार नाही. ते काम तुमच्या कौन्सिलचंच, आईची असेसमेंट, म्हणजे तिला काय मदत लागते याची तपासणी, पुन्हा करा म्हणून लेखी मागा, तब्येत बदलली की मागता येते. आणि तुमची स्वतःची केअरर असेसमेंट, म्हणजे घरी सांभाळणाऱ्या तुम्हाला काय मदत हवी याची तपासणी, वेगळी मागा, हे आपली माणसं कधीच मागत नाहीत, "आईचं करतोय, त्यात काय असेसमेंट" म्हणतात!!

मँचेस्टरचा_मावळा: मला यात फार दम वाटत नाही. आमच्याकडे 10 कौन्सिलं आणि एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) 2016 ला एकत्र आले, 6 अब्ज पौंडांचं बजेट म्हणून केवढा गाजावाजा, तरी सासऱ्यांकडे केअरर यायची ती पंधरा मिनिटांत पुढच्या घरी. टेबलाभोवती किती का लोक बसेनात, केअररला पगार नीट नाही तर माणूस टिकणार कसा?

कार्डिफकर: पगाराचं खरंय. इथे 2022 पासून केअररना रिअल लिव्हिंग वेज (खर्च भागेल असा पगार) मिळावं म्हणून वेल्श सरकार पैसे देतं, तरी माणसं कमीच पडतात. पण दादा, केअरच्या खर्चाचे इंग्लंडचे नियम इथे लावू नका, घरच्या केअरला कौन्सिल आठवड्याला 100 पौंडांच्या वर घेऊ शकत नाही आणि तुमची ऐपत मोजताना राहतं घर धरत नाहीत.

टिटवी: हे 100 पौंडांचं माहीतच नव्हतं, थँक्स. आणि भाषेचं काय?

कार्डिफकर: वेल्श बोलणाऱ्यांना न मागता वेल्शमध्ये सेवा द्यायची असं इथे धोरणच आहे, डिमेन्शियात माणूस पहिल्या भाषेवर जातं हे इथल्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही. मराठीसाठी तसं धोरण नाही, पण असेसमेंटला दुभाषी मागा, तुम्ही स्वतः भाषांतर करत बसू नका, आईच्या मनातलं तुमच्या तोंडून येतं मग. बोर्डाला लिहायचं ते या भाषेच्या गोष्टीसाठी. प्रत्येक बोर्डाला दर 5 वर्षांनी भागातल्या लोकांच्या गरजांचा आढावा घ्यावा लागतो, आणि बोर्डावर घरी सांभाळणाऱ्यांचा एक प्रतिनिधी असतो, त्याला गाठा. मराठी, गुजराती म्हातारी माणसं किती आहेत हे कोणी सांगितलंच नाही तर आढाव्यात येणार कुठून.

निशिगंध: डायरेक्ट पेमेंट घ्या ना! कौन्सिल पैसे तुमच्या हातात देतं आणि माणूस तुम्ही निवडायचा. आमच्या ओळखीत एका काकूंनी गुजराती बाई ठेवली, हिंदीत गप्पा, वरण-भातही करते. हिशेब मात्र ठेवावा लागतो, आणि तुम्ही मालक होता, म्हणजे पगारपत्रक, सुट्ट्या सगळं आलं.

टिटवी: वहिनी दोन गल्ल्या पलीकडे राहते, तिला ठेवता येईल?

कार्डिफकर: वेगळ्या घरात राहते म्हणजे सहसा अडचण नसते, एकाच घरातली असती तर कौन्सिलला पटवावं लागलं असतं. तिच्या व्हिसावर काम करायची परवानगी आहे ना तेवढं बघा, आणि आधी सोशल वर्करला विचारा, परस्पर सुरू करू नका.